शाळेत घातले ते माती उकरायला का?

आज आम्ही तुमच्यापुढे शाळेच्या वाफ्याविषयी चार शब्द बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात बोलायचे ते काय? वाफे तर आम्ही जन्मभर करीत आलो! खरे आहे. वाफा कसा करायचा हे आम्ही तुम्हाला शिकवायला आलेलो नाही. आम्ही एक भांडण घेऊन आलो आहोत. हे भांडण एका आईने आमच्याशी केले. ती बरोबर होती की आम्ही, हे तुम्हीच ऐका आणि तुम्हीच ठरवा.

डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव आहे. गावात चौथीपर्यंत शाळा आहे. शाळेत चाळीस मुले. शाळेच्या मागे थोडी पडीक जागा होती. तिथे मुलांच्या हातून भाजीपाला लावावा, मुलांना शेतीची गोडी लागावी, त्यांच्या पोटात हिरवी भाजी जावी, असे आमच्या मनात आले. गुरुजी हो म्हणाले. पहिला पाऊस पडला, जमीन भिजली. आम्ही मुलांच्या हातात कुदळी आणि खुरपी दिली. काम सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई तरातरा शाळेत आल्या. डोक्यावर गवताचा भारा होता. तो त्यांनी दणकन खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवून विचारले,

"माज्या पोरीच्या हातात कुदळ कुणी दिली?"

आम्ही पुढे झालो. म्हटले, "आम्ही दिली, ताई. मुलांना बागकाम शिकवतोय."

"शिकवताय?" बाई म्हणाल्या. "माज्या सासऱ्यानं माती उकरली. नवऱ्यानं उकरली. मी अजून उकरते. पोरगी तरी यातनं सुटंल म्हणून शाळंत घातली. आन् तुमी तिला फिरून मातीतच घालता? तुमची पोरं शहरात शिकत्यात न्हवं? ती बी माती उकरत्यात का?"

मंडळी, आम्ही गप्प झालो. आमची मुले शहरातल्या शाळेत बाकावर बसून शिकत होती. त्यांच्या हाताला माती लागत नव्हती. बाईंनी पोरीचा हात धरला आणि त्या निघून गेल्या. गवताचा भारा तिथेच राहिला. आम्हीच तो संध्याकाळी त्यांच्या दारात नेऊन ठेवला.

तुम्हाला वाटेल, इथे आमचे डोळे उघडले. पण नाही, माणूस इतक्या लवकर शहाणा होत नाही. आम्ही आपसात म्हणालो, बाई रागीट आहे. दोन दिवसांनी पोरगी आपण होऊन शाळेत आली. वाफ्यातही आली. काम पुढे चालू राहिले.

दीड-दोन महिन्यांत भेंडी लागली. चवळीच्या शेंगा लोंबू लागल्या. शाळेमागची जागा अशी हिरवीगार झाली की जाणारा येणारा थांबून बघे. बाहेरगावची काही पाहुणेमंडळी बाग बघायला आली. आम्ही फुलून गेलो. कोवळी भेंडी तोडली, चवळी तोडली, पिशव्या भरल्या आणि पाहुण्यांच्या हातात दिल्या. मुले हात जोडून रांगेत उभी होती.

दुसऱ्या दिवशी खुरपायला कुणी येईना. तिसऱ्या दिवशीही येईना. शेवटी तीच पोरगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, आमची भाजी कुणाच्या घरी गेली?"

तेव्हा मात्र आमचे डोळे उघडले. मग आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. ती दोन महिने आमच्या डोळ्यांसमोर होती, पण दिसली नव्हती. कुदळ कुणाच्या हातात होती? ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या मुलांच्या. वाफ्याची पाटी कुणी रंगवली? गावठाणातल्या मुलांनी. पाणी कुणी आणले? मुलींनी. वही कुणी लिहिली? मुलांनी. आम्ही कुणाला असे मुद्दाम सांगितले नव्हते. गावात जशी रीत होती, तशीच ती वाफ्यात उतरली. आणि आम्ही काय करीत होतो? बांधावर उभे राहून, "इथे खणा, तिथे खणा," असे सांगत होतो. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात, तसे.

आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो आणि म्हटले, "ताई, चुकलो."

बाई म्हणाल्या, "घरात पोरगी काम करती, तवा तिच्या ताटात बी पडतं. तुमच्याकडं काम तिचं आन् ताट दुसऱ्याचं. याला शिकवणं म्हणत न्हाईत. याला वेठ म्हणत्यात."

वेठ! हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. मुलांच्या हाताला माती लागली म्हणजे शिक्षण झाले असे नाही. ती वेठही असू शकते. मग शिक्षण कोणते आणि वेठ कोणती, हे ओळखायचे कसे?

आम्ही विचार करू लागलो. हे काम आपल्याआधी कुणी केले आहे का? त्यांनी ते कसे केले? शोधू लागलो तेव्हा कळले की आपल्याच महाराष्ट्रात अशी थोर माणसे होऊन गेली आहेत. त्यांतल्या तीन ठिकाणांची हकिगत तुम्हाला सांगतो.

पहिली हकिगत समुद्राकाठच्या बोर्डी गावची. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. १९४५ साली ताराबाई मोडक तिथे आल्या. ताराबाई खूप शिकलेल्या होत्या. शहरात मोठ्या पदावर राहू शकल्या असत्या. पण खेड्यातल्या लहान मुलांसाठी त्या बोर्डीला येऊन राहिल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. अनुताईंचे लग्न बालपणीच झाले होते आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. पण त्या खचल्या नाहीत, शिकल्या आणि शिक्षिका झाल्या.

गरीब वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत, असे या दोघींच्या लक्षात आले. मग त्यांनी काय केले? शाळाच वस्तीत नेली. वस्तीतल्या अंगणात मुले जमवली आणि तिथेच शिकवू लागल्या. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज गावोगावी अंगणवाडी आहे ना? ते नाव ताराबाईंनी दिलेले आहे. सरकारची अंगणवाड्यांची योजना त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ साली सुरू झाली.

पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली समाजाची वस्ती. मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात. शाळेत येणार कधी? तेव्हा शिक्षकच गुरांमागे कुरणात जाऊ लागले. तिथे झाडाखाली शाळा भरे. तिचे नाव कुरणशाळा. खडे, बिया, पाने, फुले हीच शिकवायची साधने. "गुरे सोडून शाळेत या," असे तिथे मुलांना कुणी दरडावले नाही. मूल जिथे आहे तिथे शिकवणारा गेला आणि त्याच्याबरोबर उन्हात बसला.

दुसरी हकिगत वर्ध्याची. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याला शिक्षणाची परिषद भरवली. मुलांनी हाताने काम करावे आणि त्या कामातून भाषा, गणित, विज्ञान सारे शिकावे, असा विचार तिथे मांडला गेला. त्याला पुढे 'नयी तालीम' असे नाव पडले. सेवाग्रामला तशी शाळा निघाली. आर्यनायकम आणि आशादेवी या पतिपत्नींनी ती चालवली. तिथे सूतकताई होती, शेती होती, भाजीबाग होती. मुले स्वयंपाकघरातही काम करीत, आणि साफसफाईही करीत. शिक्षक त्यांच्याबरोबर तेच काम करीत.

मग ही तालीम देशभर का टिकली नाही? याची कारणे अनेक आहेत. पण एक कारण तुमच्या-आमच्या भांडणातलेच आहे. पुष्कळ ठिकाणी ती नावापुरती राहिली. कामातून शिकवणे राहून गेले, नुसते काम उरले. आणि आईबाप म्हणू लागले, "शहरातल्या पोरांना पुस्तके आणि आमच्या पोरांना चरखा-कुदळ? म्हणजे आमची पोरे खालीच राहायची का?" पाहा, आमच्या त्या बाईंनी जे विचारले तेच हे. हा प्रश्न जुना आहे आणि तो खराही आहे. सेवाग्रामला २००५ साली अशी शाळा पुन्हा सुरू झाली. तिथे मुले शेतीही करतात आणि वाचन-गणितही मन लावून करतात. एक आले म्हणून दुसरे गेले असे होत नाही.

तिसरी हकिगत साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत, आपले काम आपण करीत आणि एका पंक्तीला जेवत. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती! मुले राबत होती, पण अमक्या जातीने राबावे आणि तमक्या जातीने बसावे, असे तिथे नव्हते. जो राबतो तोच शिकतो आणि तोच जेवतो, असा तिथला नेम होता.

मंडळी, या तीन हकिगती आम्ही त्या बाईंच्या बोलण्याशेजारी ठेवल्या. तेव्हा शिक्षण आणि वेठ यांतला फरक कळला. तो ओळखायच्या चार खुणा आहेत. हाताची चार बोटे मोजा आणि ध्यानात ठेवा.

पहिली खूण: शिकवणाऱ्याच्या हाताला माती आहे का? गुरुजी, बाई, संस्थेची माणसे स्वतः कुदळ धरतात का? की सावलीत उभे राहून हुकूम सोडतात?

दुसरी खूण: काम सगळ्यांना सारखे आहे का? मुलाने पाणी भरावे, मुलीने वही लिहावी. या आठवड्यात या मुलाने खणावे, पुढच्या आठवड्यात त्याने. घराणे बघून, जात बघून, मुलगा की मुलगी हे बघून काम वाटले, तर तो वाफा नासला म्हणून समजा.

तिसरी खूण: कामातून डोक्यात काही जाते का? नुसते खणले तर ती मजुरी. खणताना मोजले, लिहिले, विचारले, तर ते शिक्षण.

चौथी खूण: पिकले ते मुलांच्या ताटात पडते का? ताटात पडत नसेल तर बाकीच्या तीन खुणा असून उपयोग नाही.

आम्ही नव्याने सुरुवात केली. आठवड्याची पाळी फळ्यावर लिहिली. आमचीही नावे त्या पाळीत घातली. पहिल्या दिवशी आमच्या हाताला फोड आले. मुले हसली. एक मुलगा म्हणाला, "साहेब, कुदळ अशी नाय धरत." आणि त्याने आम्हाला कुदळ धरायला शिकवली. तो मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे, बरं का! त्या दिवसापासून तो बोलू लागला.

आता तिसऱ्या खुणेचे सांगतो. वाफ्यातून काय शिकता येते? आधी वाफा मोजायचा. लांबी तीन मीटर, रुंदी एक मीटर. म्हणजे तीन चौरस मीटर. फळ्यावर हेच गणित मुलांना डोंगराएवढे वाटे. पण स्वतः दोरी धरून मोजल्यावर ते चटकन कळले.

मग बियाणे. शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. चार-सहा दिवसांनी उघडून पाहिले. सत्तर उगवल्या होत्या. म्हणजे शेकडा सत्तर. टक्केवारी म्हणजे काय ते मुले अशी शिकली. आणि पेरण्याआधी बियाणे तपासावे, हेही शिकली. हे तुम्हा शेतकऱ्यांनाही उपयोगाचे आहे. दुकानातली महाग पिशवी आणली तरी आधी शंभर बिया उगवून पाहाव्या. मग फसगत होत नाही.

बी किती खोल पेरावे? बी जेवढे जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल. भोपळ्याचे बी खोल जाते. माठाचे बी मोहरीहूनही बारीक, ते राखेत किंवा वाळूत मिसळून नुसते वरवर टाकायचे. हे मुलांनी हाताने करून पाहिले.

चवळीवर काळा मावा पडला. मुले ओरडत आली, "औषध मारा! औषध मारा!" आम्ही म्हटले, थांबा, आधी पाहा. भिंग घेऊन पाहिले तर माव्याजवळ लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा होता. तो मावा खातो. औषध मारले असते तर मित्रही मेला असता. मग पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी फडक्याने गाळली आणि फवारली. शाळेच्या वाफ्यावर विषारी औषध कधीही नको. आणि घरी असेल तर मुलाच्या हाती ते कदापि देऊ नका. औषधाचा रिकामा डबा पाण्याला वापरू नका.

मातीत काम केले की हात साबणाने धुवायचे, नखे कापायची. अनवाणी मातीत जाऊ नये. अंकुशकृमी नावाचा जंत तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि रक्त पितो. हात धुतलेले पाणी आम्ही चर काढून वाफ्यातच सोडले. एका पाण्यात दोन कामे झाली.

आता चौथी खूण, ताट. ही सगळ्यांत मोठी. कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घरोघरी आरोग्याची पाहणी केली. त्या पाहणीत असे आढळले की महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे एकोणसत्तर मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. शंभरांत एकोणसत्तर! आपल्या अंगणात खेळणाऱ्या मुलांकडे पाहा आणि मोजा. रक्त कमी असलेले मूल लवकर दमते. वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. आपण म्हणतो, पोर आळशी आहे, ढ आहे. ते आळशीही नसते आणि ढही नसते. त्याच्या रक्तात लोह कमी असते.

हिरव्या पालेभाज्यांत लोह असते. माठ, राजगिरा, चवळईचा पाला, शेवग्याचा पाला. पण भाजीतले लोह अंगी लागायला मदत लागते. ती मदत लिंबू करते, आवळा करते, पेरू करतो. म्हणून भाजीवर लिंबू पिळा. आणि जेवणाबरोबर चहा देऊ नका. चहा लोहाला अडवतो. लहान मुलाला तर चहा नकोच. पिवळा भोपळा, पपई, शेवग्याचा पाला यांनी डोळ्यांना बळ येते, रातांधळेपणा टळतो. नाचणीने हाडे घट्ट होतात. डाळ, उसळ, अंडे यांनी अंग भरते. पण एक ध्यानात ठेवा. मूल फार फिकट दिसत असेल, त्याला धाप लागत असेल, तर नुसत्या भाजीवर विसंबू नका. त्याला आरोग्य केंद्रात न्या. लोहाचे औषध, जंताची गोळी तिथे मिळते.

तुम्ही म्हणाल, शाळेत दुपारी जेवण मिळतेच की. मिळते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला की शाळेत मुलांना शिजवलेले अन्न मिळालेच पाहिजे. २०२१ पासून या योजनेला 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे नाव आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळावी, असे तिचे प्रमाण आहे. आता हिशेब करा. मुले चाळीस, प्रत्येकी ५० ग्रॅम. म्हणजे रोज दोन किलो भाजी. चार-सहा वाफ्यांतून रोज एवढी भाजी निघणार नाही. आम्ही खोटे सांगणार नाही. वाफ्याने शाळेची सगळी भाजी भागत नाही, आणि वाफा आहे म्हणून सरकारने भाजीचा पैसा कमी करू नये.

मग वाफा कशाला? तर मुलाने भाजी खावी म्हणून! आमच्या शाळेत मुले पालेभाजी बाजूला सारत. वरणभात खात आणि भाजी कुत्र्याला टाकत. पण स्वतः लावलेला माठ जेव्हा डाळीत पडला, तेव्हा एकाने दुसऱ्याला सांगितले, "ही माज्या वाफ्यातली हाय, टाकू नको." त्या दिवशी भाजीचे पातेले रिकामे झाले. आम्ही किती भाषणे दिली असती तरी हे झाले नसते.

शाळेच्या वाटेवर एक दुकान आहे. तिथे पाच रुपयांच्या खारट, कुरकुरीत पुड्या लटकत असतात. मुलांनी वहीत हिशेब केला. रोज पाच रुपये, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे दीडशे रुपये. पुडीत काय असते? मीठ, तेल, पीठ आणि हवा. दीडशे रुपयांत घरी किती अंडी येतील, किती शेंगदाणे येतील, याचा हिशेब मुलांनी घरी विचारून आणला. पुड्या बंद झाल्या असे आम्ही म्हणत नाही. पण कमी झाल्या. आणि मूल आईला म्हणू लागले, "त्यापरीस शेंगदाणे दे."

आता त्या बाईंचे काय झाले म्हणता? तेच सांगून संपवतो.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही वाफे केले आणि भेंडी पेरली. बाई गवताचा भारा घेऊन वाटेने चालल्या होत्या. थांबल्या. म्हणाल्या, "एवढी दाट पेरल्यात व्हय? एकमेकींना जगू द्याच्या न्हाईत ह्या." आणि भारा खाली ठेवून त्या वाफ्यात उतरल्या. दोन बियांत किती जागा ठेवायची, ते त्यांनी वितीने मोजून मुलांना दाखवले. मुले गोल करून बसली. बाई सांगत होत्या, मुले ऐकत होती. आम्हीही ऐकत होतो.

मग आम्ही त्यांना विचारले, "ताई, रानभाज्या दाखवायला याल का?" त्या आल्या. सोबत सासूबाईंना घेऊन आल्या. म्हातारीने मुलांना टाकळा दाखवला, कुर्डू दाखवला, करटोलीचा वेल दाखवला. कोणता पाला कोवळा असताना खुडायचा, कोणता दोनदा उकळून पाणी टाकून खायचा, अळूला चिंच का लागते, सारे सांगितले. आणि बजावले, "वळख नसलेलं पान तोंडात घालायचं न्हाई. आदी मोठ्या माणसाला इचारायचं." ती म्हातारी कधी शाळेत गेली नव्हती. पण त्या दिवशी ती शाळेची बाई झाली. गुरुजींनी तिला खुर्ची दिली. खुर्चीवर ती बसली नाही, मुलांत बसली.

त्या आईने मग रात्रीच्या वर्गाला नाव घातले. तुमच्यासारखीच ती अक्षरे शिकली. आता शाळेत एक वही आहे. कोणते बी कोणत्या नक्षत्रावर पेरले, कधी उगवले, कधी भाजी निघाली, हे त्या वहीत मुले लिहितात. मधल्या काही पानांवरचे अक्षर मोठे आहे, वाकडेतिकडे आहे. ते त्या आईचे आहे. तिथे तिने आपल्या सासूचे ज्ञान लिहून ठेवले आहे. आमच्या मते शाळेत त्याहून मोलाचे दुसरे पुस्तक नाही.

एकदा आम्ही तिला गमतीने विचारले, "काय ताई, पोरीला शाळेत घातले ते माती उकरायला का?"

ती हसली नाही. म्हणाली, "न्हाई. पोरगी डाक्टर व्हावी, मास्तरीण व्हावी. माती तिनं पोटासाठी उकरू नये. पर मातीला हात लावायची लाज बी तिला वाटू नये. तेवढं शिकवा."

बंधुभगिनींनो, आम्हाला जे सांगायचे होते ते तिने सांगितले. आमच्या भाषणापेक्षा ते थोडक्यात आहे.

आता तुमचे काम. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला एक शाळा व्यवस्थापन समिती असते. त्या समितीत चारांपैकी तीन माणसे मुलांचे आईबाप असली पाहिजेत, आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. म्हणजे शाळा तुमची आहे. तुम्हाला आता वाचता येते. शाळेत जा. जेवणाचे पत्रक वाचा. वाफा असेल तर चार बोटे मोजा आणि चार प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याच्या हाताला माती आहे का? काम सगळ्यांना सारखे आहे का? डोक्यात काही जाते का? ताटात काही पडते का?

चारांची उत्तरे 'हो' आली तर मुलाला खुशाल माती उकरू द्या. एकाचे जरी 'नाही' आले, तर त्या आईसारखे कमरेवर हात ठेवून उभे राहा आणि भांडा. आणि वाफाच नसेल, तर मूठभर बियाणे पदरात बांधून शाळेत जा. म्हणा, "गुरुजी, हे घ्या. आम्हीबी शिकवायला येतो."